फुप्फुसातलं कोलेस्टेरॉल: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मला सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद होऊन धाप लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे. लिपिड प्रोफाइल नॉर्मल आलं. म्हणजे कोलेस्टेरॉलचा माझ्या धापेशी संबंध नाही ना?

उत्तर: त्या रिपोर्टमध्ये दिसतं ते रक्तातलं कोलेस्टेरॉल. फुप्फुसाचा हिशेब वेगळा असतो. वायुकोशांना, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांना, आतून सर्फॅक्टंट नावाचा पातळ थर असतो. श्वास सोडताना ते मिटून चिकटू नयेत म्हणून. हा थर सुमारे ९० टक्के स्निग्ध पदार्थांचा आणि त्यात थोडं कोलेस्टेरॉल लागतंच. जुना थर मॅक्रोफेज या भक्षक पेशी गिळतात. बाकीची चरबी त्या पचवतात, पण कोलेस्टेरॉलचा रेणू त्यांना मोडता येत नाही, तो बाहेरच काढावा लागतो. ते काम एबीसीए१ आणि एबीसीजी१ ही प्रथिनं करतात. सिगारेटच्या धुराने इथेच अडथळा येतो. कोलेस्टेरॉल आत साचत जातं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी फेसाने भरल्यासारखी दिसते. एबीसीजी१ नसलेल्या उंदरांच्या फुप्फुसांत अशाच फेसाळ पेशी सापडतात, आणि सोबत दाहही.

प्रश्न: साचलं तर बिघडतं काय?

उत्तर: दोन गोष्टी. पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल वाढलं की जंतूंची चाहूल घेणारे टीएलआर४ हे ग्राहक जास्त हळवे होतात. थोड्याशा कारणानेही दाहाचे संदेश सुटू लागतात. दुसरं, कोलेस्टेरॉलचे स्फटिक झाले तर पेशीतली एनएलआरपी३ ही दाह पेटवणारी यंत्रणा जागी होते आणि आयएल-१ बीटा हे दाहक रसायन बाहेर पडतं.

प्रश्न: मग स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांनी, सीओपीडी आटोक्यात येईल का?

उत्तर: आशा होती, पण तसं घडलं नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या स्टॅटकोप चाचणीत ८८५ रुग्णांपैकी काहींना रोज ४० मिलिग्रॅम सिमव्हास्टॅटिन दिलं, बाकीच्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. आजार बळावण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच राहिलं. मात्र हृदयविकार किंवा मधुमेहामुळे ज्यांना स्टॅटिन लागतंच, त्यांना या चाचणीत घेतलंच नव्हतं. तेव्हा हे वाचून चालू गोळी बंद करू नका. सीओपीडीत हृदयविकाराचा धोका वाढलेलाच असतो.

प्रश्न: तेल-तूप सोडू का?

उत्तर: मनाने तर अजिबात नाही. सीओपीडीत वजन उतरणं हीच मोठी काळजी असते; आहारातली काटछाट डॉक्टरांशी बोलूनच करा. सोडायचीच तर सिगारेट सोडा, त्याने एचडीएल हे रक्तातलं ‘चांगलं’ कोलेस्टेरॉलही वाढतं.