शॉवरच्या टाइल्समागे कोणता बोर्ड?

प्रश्न : अमेरिकेतल्या आमच्या घरात लाकडी स्टडच्या (उभ्या खांबांच्या) भिंती आहेत. शॉवर नव्याने करतोय. कंत्राटदार हिरव्या कागदाचा जिप्सम बोर्ड लावू म्हणतो. ‘तो ओल सोसतो, शिवाय टाइल्समधून पाणी आत जातच नाही’ असं त्याचं म्हणणं. चालेल का?

उत्तर : नाही, तो लावू देऊ नका. टाइलमधून पाणी जात नसलं तरी टाइल्समधल्या फटी भरणाऱ्या सिमेंटच्या ग्राउटमधून ते रोज झिरपतं. हिरवा कागद दमट हवा सोसतो, सततचं पाणी नाही. तो भिजला की बुरशी धरते, जिप्सम मऊ पडतं आणि टाइल्स हलू लागतात. निवासी बांधकामाच्या अमेरिकेतल्या आयआरसी संहितेने 2006च्या आवृत्तीपासून शॉवरसाठी हा बोर्ड बाद केला आहे.

संहितेला चालतात ते असे: फायबर मॅटचा सिमेंट बोर्ड (एएसटीएम या अमेरिकी मानकाचा क्रमांक सी1325), फायबर सिमेंट बोर्ड (सी1288), ग्लास मॅट जिप्सम (सी1178) आणि फायबरयुक्त जिप्सम (सी1278). बोर्डावर किंवा त्याच्या माहितीपत्रकात हा क्रमांक असतो. तो स्वतः वाचा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

मात्र नियमात बसणारा बोर्ड पाणी अडवेलच असं नाही. सिमेंट बोर्ड भिजून कुजत नाही, पण पाणी आरपार जाऊ देतो आणि मागचे स्टड भिजतात. म्हणून त्याच्या पुढच्या बाजूवर अ‍ॅन्सी ए118.10 या अमेरिकी मानकाचा, पाणी अडवणारा लेप द्यावा, हे आमचं स्पष्ट मत.

स्टड 16 इंचांवर असतील तर अर्धा इंच जाडीचा बोर्ड घ्या. न गंजणारे स्क्रू दर 8 इंचांवर मारा. सिमेंट बोर्डांमध्ये अष्टमांश इंच फट ठेवा, ती थिनसेटने (टाइल चिकटवायच्या सिमेंट मसाल्याने) भरा आणि वर अल्कली सोसणारी जाळीची पट्टी दाबा. साधी ड्रायवॉलची (जिप्सम बोर्डाची) पट्टी सिमेंटमध्ये खराब होते. बोर्डाची खालची कड शॉवर पॅनवर (शॉवरच्या तळाच्या तबकावर) टेकवू नका, पाव इंच वर ठेवा. टेकली तर ती पाणी वर शोषते.

लेपाचे दोन हात द्या, दुसरा पहिल्याला आडवा, आणि ओल्या थराची जाडी गेजने मोजा. पातळ थर हेच गळतीचं नेहमीचं कारण. स्क्रूची डोकी, कोपरे, नळाभोवतीची भोकं आणि भिंतीतला कोनाडा इथे जास्त लक्ष द्या. कोनाड्याच्या तळाला शॉवरकडे उतार हवाच. पाणी न शोषणारा पृष्ठभाग जमिनीपासून किमान 6 फूट उंचीपर्यंत असावा, असं संहिता सांगते; शॉवरहेड त्याहून वर असेल तर लेप तिथपर्यंत न्या. कोपऱ्यांत ग्राउट भरू नका, तो चिरतो, सिलिकॉन वापरा.

प्रश्न : जास्त सुरक्षित म्हणून बोर्डाच्या मागे प्लास्टिक आणि पुढे लेप, दोन्ही करावं का?

उत्तर : करू नका. दोन अडथळ्यांमध्ये शिरलेली ओल सुकत नाही. लेप देणार असाल तर मागचं प्लास्टिक गाळा. प्लास्टिकच वापरायचं असेल, तर त्याची खालची कड पॅनच्या उभ्या काठावरून आत सोडा, म्हणजे झिरपलेलं पाणी पॅनमध्येच उतरेल. बाहेरच्या भिंतीत इन्सुलेशनवर आधीच प्लास्टिक असेल, तर काम सुरू करण्याआधी स्थानिक इमारत निरीक्षकाला विचारा. प्रत्येक शहराने संहितेची एकच आवृत्ती स्वीकारलेली नसते.