वाचकांचे प्रश्न : सांता मुएर्ते आणि तिचा नवस

प्रश्न : मेक्सिकोतली सांता मुएर्ते (‘पवित्र मृत्यू’, सांगाड्याच्या रूपातली लोकदेवता) आणि मृतांच्या दिवशी सगळीकडे दिसणारी टोपीवाली सांगाडाबाई एकच का? ती मूळची अ‍ॅझ्टेक देवी आहे, हे खरं का?

उत्तर : एकच नाहीत. टोपीवाली ती कातरीना. होसे ग्वादालुपे पोसादा या मुद्राचित्रकाराने (मृत्यू १९१३) युरोपी थाट मिरवणाऱ्यांची टर उडवायला ती कोरली. पुढे चित्रकार दिएगो रिव्हेराने भित्तिचित्रात तिला अंगभर पोशाख दिला. कातरीनाकडे कुणी काही मागत नाही. सांता मुएर्तेकडे मात्र मागायलाच जातात. मृतांच्या दिवशी लोक घरातल्या गेलेल्यांची वाट बघतात. सांता मुएर्ते म्हणजे कुणी गेलेलं माणूस नव्हे, साक्षात मरणच. लांब झगा, हातात लांब दांड्याचा विळा, पृथ्वीगोल किंवा तराजू, पायाशी घुबड, कधी वाळूचं घड्याळ. तिचं नाव थेट घेण्यापेक्षा लोक लाडाने ‘ला फ्लाका’ (हडकुळी), ‘ला निन्या ब्लांका’ (गोरी पोर) म्हणतात.

अ‍ॅझ्टेकांच्या मिक्तेकासिवात्ल या पाताळराणीशी पुष्कळ भक्त तिचं नातं सांगतात. पण झगा आणि विळा स्पेनमधून आलेल्या मृत्युचित्रांतले आहेत, आणि स्पॅनिशमध्ये ‘मुएर्ते’ हा शब्द स्त्रीलिंगी असल्याने तिथलं मरण बाईच असतं. आमच्या मते हे मिश्रण आहे. एकाच मुळाचा हट्ट धरू नये. सर्वांत बोलकी जुनी नोंद १७९७ची, धर्मविरोधी आचरण शोधणाऱ्या इन्क्विझिशनच्या दप्तरातली. ग्वानाहुआतोतल्या सान लुईस दे ला पाझमधले मूलनिवासी मृत्यूची मूर्ती ओल्या दोराने बांधत आणि मागितलेलं दिलं नाही तर चाबकाने फोडू अशी धमकी देत. म्हणजे देवघेवीचा करार तेव्हाही होताच. नंतर ती कागदोपत्री बराच काळ दिसत नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला अभ्यासकांना ती भेटते ती भरकटलेल्या नवऱ्याला परत आणण्याच्या तोडग्यांत.

प्रश्न : घरातल्या वेदीवर काय काय ठेवतात? चुकतं कुठे?

उत्तर : सर्वांत आधी पाणी. हाडं कोरडी, म्हणून ती कायम तहानलेली, अशी समजूत. पेला भरलेला आणि स्वच्छ हवा. मग फुलं, पाव, सफरचंदं, गोड खाऊ, तेकीला किंवा मेस्काल ही मद्यं, सिगारेट. तंबाखूचा धूर तोंडात घेऊन मूर्तीवर फुंकतात. ती मत्सरी मानली जाते, म्हणून पुष्कळ घरांत ग्वादालुपेची माता (येशूची आई मारिया) आणि संत सान हुदास तादेओ वेगळ्या फळीवर असतात. त्यांना घरातून काढत मात्र नाहीत.

खरी चूक नवसात होते. तिथे त्याला ‘मांदा’ म्हणतात. “काम झालं तर काहीतरी देईन” असं मोघम बोलू नये. काय, किती, केव्हा हे ठरवावं : नवा पोशाख, मेस्कालची एक बाटली, गुडघ्यांवर चालत दर्शन. पेलवेल तेवढंच बोलावं, कारण न फेडलेल्या नवसाची वसुली ती घरातल्या लाडक्या माणसाकडून करते असं भक्त मानतात. ही भीती मनापासूनची असते. हौसेखातर मूर्ती घेऊन नंतर अडगळीत टाकणाऱ्यांवर जुने भक्त रागावतात ते याचमुळे.

प्रश्न : मेणबत्तीचे रंग कसे निवडावेत? काच काळी पडली तर अपशकुन समजावा का?

उत्तर : लाल प्रेमाला, सोनेरी पैशाला, जांभळी आजारपणाला, हिरवी कोर्टकचेरीला, पांढरी शुद्धीला आणि आभाराला. काळी संरक्षणाला आणि दुसऱ्याचं वाईट चिंतायलाही. म्हणून ती उघड्यावर क्वचित लावतात. सात रंगांच्या थरांची मेणबत्ती एकाच वेळी अनेक मागण्यांसाठी. हे अर्थ थोडेफार बदलतात, त्यामुळे विकणाऱ्याला विचारून घ्यावं.

काजळी धरली की कुणाची तरी वाईट नजर आड येते असा अर्थ लावतात. बहुतेक वेळा वात लांब राहिलेली असते. पेटवण्याआधी ती अर्ध्या सेंटीमीटरवर कापावी. वाऱ्याच्या झोतात ज्योत एका बाजूला झुकून काच तडकते. मेण तळाला पोचलं की काच फार तापते, म्हणून खाली वाळूची बशी हवी. मूर्तीचा साटीनचा झगा आणि मद्याचा उघडा पेला ज्योतीपासून हातभर लांब ठेवावेत.

प्रश्न : ही गुन्हेगारांची देवी ना? मग सरकार चालवून कसं घेतं?

उत्तर : गुन्हेगार तिला भजतात, तसे पोलीस, फेरीवाले, टॅक्सीवाले आणि कैद्यांच्या आयाही. मरण श्रीमंत-गरीब बघत नाही, हेच तिचं आकर्षण. २००९मध्ये लष्कराने अमेरिकेच्या सीमेवरच्या नुएव्हो लारेदोजवळ रस्त्याकडेची तिची देवळं पाडली, त्यात साध्या लोकांचीही श्रद्धा तुडवली गेली. तिला भजणं बेकायदा नाही. तिची पूजा चालवणाऱ्या एका चर्चला धार्मिक संस्था म्हणून २००३मध्ये मिळालेली नोंदणी २००५मध्ये रद्द झाली, एवढंच. कॅथलिक चर्चचा विरोध कडक आहे. २०१३मध्ये व्हॅटिकनचे कार्डिनल राव्हासी यांनी याला ईश्वरनिंदा म्हटलं. तरीही बहुसंख्य भक्त स्वतःला कॅथलिकच म्हणवतात.

प्रश्न : मेक्सिको सिटीत तेपितो मोहल्ल्यात दर्शनाला गेल्यास काय पाळावं?

उत्तर : आल्फारेरिया रस्त्यावर दोन्या केता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एन्रिकेता रोमेरो यांनी २००१मध्ये घराबाहेर माणसाच्या उंचीची मूर्ती काचेआड ठेवली, आणि घरात लपलेली भक्ती रस्त्यावर आली. दर महिन्याच्या १ तारखेला तिथे जपमाळेची प्रार्थना होते. शब्द बरेचसे मारियेच्या जपाचेच. लोक आपापल्या मूर्ती छातीशी धरून येतात, काही जण गुडघ्यांवर. अनोळखी माणूस गोळी, सफरचंद किंवा सिगारेट हातावर ठेवेल. ती बहुधा कुणाच्या तरी नवसाची फेड असते, नाकारू नये. खिशात वाटायला मूठभर गोळ्या ठेवाव्यात. गुडघ्यांवरच्या माणसाची वाट अडवू नये आणि विचारल्याशिवाय कुणाचा चेहरा टिपू नये. मोहल्ला खडतर आहे. उजेडात जावं, माहितगार सोबत असावा, दागिने आणि मोठी रक्कम नेऊ नये.