लायनफिश टाकीत मावेना, गोव्याच्या समुद्रात सोडू का?

तुम्ही विचारलंय, "बेळगावात घरी पाळलेला लायनफिश (विषारी काट्यांचा समुद्री मासा) फूटभर झाला, चोर्ला घाटातून नेऊन समुद्रात सोडला तर चालेल का?" नाही, अजिबात सोडू नका.

"तो इथलाच मासा, सोडा की" असं आमच्याकडचा एक दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. त्याच्याशी माझा हा वाद जुना आहे. लायनफिश हिंदी महासागरातही असतो, हे खरं. पण त्याच्या दोन जाती आहेत: माइल्स ही हिंदी महासागरातली आणि व्होलिटान्स प्रामुख्याने प्रशांत महासागराकडची. दोन्ही इतक्या सारख्या दिसतात की टाकीबाहेरून ओळखू येत नाहीत, म्हणजे तुमचा इथला नसूही शकतो. शिवाय टाकीत इतर माशांकडून लागलेले परजीवी बरोबर जातात ते वेगळेच.

अमेरिकेतल्या फ्लोरिडात, जिथला हा मासाच नव्हे, तिथे असाच कुणीतरी सोडला असणार. चक्रीवादळात टाकी फुटली म्हणून पसरला ही गोष्ट तो दुकानदारही सांगतो, पण वादळ १९९२ चं आणि तिथल्या समुद्रात लायनफिश सापडला १९८५ मध्ये. २००४ मध्ये तो जवळच्या बहामा बेटांवर होता, २०१४ मध्ये ब्राझीलला पोचला. मादी वर्षाला सुमारे २० लाख अंडी घालते, पिल्लं महिनाभर प्रवाहाबरोबर वाहत जातात. तिथल्या लहान माशांना हा शिकारी आहे हे कळतच नाही. बहामातल्या छोट्या प्रवाळ खडकांवर ५ आठवड्यांच्या प्रयोगात नव्याने येणाऱ्या माशांची भर ७९ टक्क्यांनी घटली.

आता मासा हलवायचा असेल तर जाळी वापरू नका. टिळकवाडीतल्या मित्राने जाळीच वापरली. काटे अडकले, सोडवायला हात घातला आणि पाठीचा काटा अंगठ्यात गेला. घरच्यांनी बर्फ लावला, तिथेच चुकलं. विष प्रथिनाचं असतं, ते उष्णतेने मोडतं. सोसवेल इतक्या गरम, साधारण ४५ अंशाच्या पाण्यात ३० ते ९० मिनिटं हात बुडवायचा. पाणी दुसऱ्या हाताने तपासायचं, कारण दुखऱ्या हाताला भाजल्याचं कळत नाही. मोडका काटा दिसला तर काढायचा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं, श्वास लागला किंवा चक्कर आली तर थेट दवाखाना. पाठीवर १३, पोटाखाली २, शेपटीकडे ३ असे १८ काटे विषारी, पंख्यासारखे बाजूचे पर नाहीत. मेलेल्या माशाचे काटेही टोचतात. म्हणून कडक, पारदर्शक प्लास्टिकचा डबा पाण्यात आडवा धरा आणि दुसऱ्या डब्याच्या झाकणाने माशाला हळूच आत ढकला.

हिडकलच्या धरणातही टाकू नका. गोड्या पाण्यात हा तडफडून मरेल. (आफ्रिकन मांगूर आणि चिलापी मात्र तिथे मरत नाहीत, तेही सोडू नका.)

साडेचारशे लिटरची टाकी असणारा कुणी मिळाला तर त्याला फुकट द्या, पण तोंडात मावेल असा मासा त्या टाकीत नको. कुणीच घेईना तर त्याला मारणंच उरतं: टाकीचंच पाणी बादलीत घ्या, मासा त्यात ठेवा, बादलीतल्या दर लिटरला ०.४ मिलि लवंगतेल कोमट पाण्याच्या बाटलीत जोरात हलवून बादलीत ओता. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावर आणखी १० मिनिटं तसाच ठेवा आणि मग फ्रीझरमध्ये. काटे कात्रीने कापून कागदात गुंडाळा, नाहीतर कचरा उचलणाऱ्याच्या हातात जातील.