पाठराखण नव्हे, पाठराखीण!

तासगावच्या एका जीवशास्त्राच्या विद्यार्थिनीचा प्रश्न आलाय. ‘एचएसपीए१ए’ या मानवी जनुकावरच्या एका मराठी टिपणात त्याच्या प्रथिनाला ‘पाठराखण प्रथिन’ (इंग्रजीत ‘शॅपरोन’) म्हटलंय, ते बरोबर का?

नाही! पाठराखण ही क्रिया. ती करणारी पाठराखीण. शिवाय हल्ली पाठराखण म्हटलं की पुढे भ्रष्ट अधिकारीच येतो. परवा कराडच्या एका लग्नात माइकवाल्याने नवरीबरोबर निघालेल्या मावशीला ‘करवली’ करून टाकलं. अहो, करवली मांडवात मिरवते, सासरी सोबत जाते ती पाठराखीण.

‘सहचर प्रथिन’ सुचवणाऱ्या परिभाषापंडितांना ना लग्न कळलंय ना पेशी. सहचर जन्माचा. हे प्रथिन, म्हणजे एचएसपी७०, नव्या किंवा उष्णतेने उसवलेल्या प्रथिनसाखळीला धरतं, भलत्याला चिकटू देत नाही आणि एटीपी हे पेशीचं इंधन खर्चून सोडून देतं. घडी साखळीने स्वतःच घालायची. पाठराखीणही नवरी जरा रुळली की माघारी. १९७८ मध्ये जीवशास्त्रज्ञ लास्की यांनी ‘मॉलिक्युलर शॅपरोन’, म्हणजे रेणूंची पाठराखीण, हा शब्द वापरला. त्यातल्या शॅपरोनच्या मुळाशी फ्रेंच टोपडं आहे. आपल्या शब्दात मात्र ‘पाठ’.

पण कुठली पाठ? कोशवाले डोळे मिटून ‘पृष्ठ’ सांगतात. मग ‘पाठीराखा’ आणि ‘पाठराखीण’, एकीकडे ठी आणि दुसरीकडे ठ, असं का? ‘पाठवणे’ बघा. त्याचा पाठीशी काडीचा संबंध नाही. ते संस्कृत ‘प्रस्थापयति’, प्राकृत ‘पट्ठवइ’ असं घरंगळत आलंय. माझा तर्क असा की पाठराखिणीत पृष्ठाइतकीच ही पाठवणीही मुरली आहे: पाठवणीत राखण करणारी. पाठीराखा पाठीशी उभा राहतो. ही निघते, चालते, पोचवते. विद्वान नाक मुरडतील, मुरडोत. त्यांच्यापैकी कितीजण कुणाला पोचवायला विट्याहून आटपाडीला एसटीने गेलेत? आमची आत्या गेली होती, मे महिन्यात.

हां, जनुक राहिलंच. ते सहाव्या गुणसूत्रावर, टीएनएफसारख्या रोगप्रतिकाराशी संबंधित जनुकांच्या दाटीत बसलंय. पेशी तापली की ते जागं होतं. त्यात इंट्रॉन, म्हणजे संदेशातून कापून टाकावे लागणारे मधले तुकडे, नाहीत, त्यामुळे संदेशाची काटछाट करत बसावं लागत नाही. आमची आत्याही तशीच, निरोप आला की पिशवी उचलून निघायची.