नेपोलियनवर चार पानं, ट्रामवर एक ओळ

पत्र

ताई, मी मूळचा कोल्हापूरचा, वय 42. बायको आणि बारा वर्षांच्या मुलीसोबत नऊ वर्षं पोलंडमध्ये व्रोत्सवाफला राहतो. मी आयटीत, बायको एका कंपनीत अकाउंट्स बघते, मुलगी पोलिश शाळेत सहावीत आहे. 2022 मध्ये शेजारच्या युक्रेनवर हल्ला झाला तेव्हापासून मी युरोपचा इतिहास वाचायला लागलो. जितकं वाचतो तितकी खात्री पटत जाते की हा खंड राहण्याजोगा नाही. तीस वर्षांचं युद्ध, सात वर्षांचं युद्ध, नेपोलियन, दोन महायुद्धं. आम्ही राहतो ते शहर तर कितीदा जळलं आणि कितीदा हातोहात गेलं. मधली ऐंशी वर्षांची शांतता हाच अपवाद. सप्टेंबर 2025 मध्ये रशियाचे ड्रोन पोलंडमध्ये शिरले, त्या रात्रीपासून मला धड झोप नाही. पासपोर्ट, दागिने, सर्टिफिकेटं बॅगेत भरून दाराशी ठेवली आहेत. बायको म्हणते, तुला वेड लागलंय. ती पुण्याला यायला तयार नाही आणि मुलगी विषय निघाला की खोलीत जाऊन दार लावून घेते. मध्यंतरी ट्राममध्ये एक माणूस 'तुमच्या देशात चालते व्हा' म्हणून आमच्यावर ओरडला, पण ते सोडा, असले लोक सगळीकडे असतात. मला एवढंच सांगा, हजार वर्षांचा इतिहास डोळ्यांसमोर असताना निघून जाणं हा भित्रेपणा की शहाणपणा?

— व्रोत्सवाफहून एक वाचक

उत्तर

तुमचं पत्र मी बरंच कापलं आहे, राग मानू नका. नेपोलियनवरची चार पानं गेली. ट्रामची ओळ मात्र तशीच ठेवली. तिच्याकडे येतेच, आधी तुमचा इतिहास.

तो खोटा नाही. उलट ऐंशी वर्षांची शांतता तुम्ही जरा उदार हातानेच बहाल केलीत. सारायेव्होत 1984 साली हिवाळी ऑलिंपिक झालं. आठ वर्षांनी त्याच शहराला वेढा पडला आणि तो जवळजवळ चार वर्षं चालला. ऑलिंपिकच्या वर्षी तिथे कोणी बॅग भरून दाराशी ठेवली असती तर शेजारीपाजारी हसले असते. तेव्हा 'आता युरोपात असलं काही होत नाही' म्हणणाऱ्या तुमच्या ऑफिसातल्या मंडळींपेक्षा तुमचे डोळे जास्त उघडे आहेत, हे मला मान्य आहे.

पण हाच हिशेब पुण्याला लावून बघा. मुरार जगदेवाने जाळून गाढवाचा नांगर फिरवला, अशी ज्याची आठवण सांगतात ते हे शहर. शाहिस्तेखान लाल महालात तळ देऊन बसला होता. 1763 मध्ये निजामाच्या फौजेने पुणं जाळलं. 1802 च्या दिवाळीत हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशव्यांचा पराभव केला आणि दुसरा बाजीराव शहर सोडून पळाला. 1817 ला खडकीची लढाई झाली आणि पुढे पेशवाईच संपली. आज हडपसरला फ्लॅटचं बुकिंग करताना होळकरांच्या तोफांची चौकशी कोणी करत नाही, लोक पाणी टँकरचं की महापालिकेचं एवढंच विचारतात. बरं, जुनं राहू द्या. मे 2025 मध्ये भारत-पाकिस्तानात चार दिवस क्षेपणास्त्रं आणि ड्रोन उडत होते. तेव्हा कोल्हापूरहून आईने तुम्हाला 'तिकडेच राहा' म्हणून फोन केला असेल, तर मला नवल वाटणार नाही.

लढायांची यादी घेऊन बसलं तर पृथ्वीवर भाड्याने घेण्याजोगी खोली मिळणार नाही. यादी फक्त लढाई झाली एवढं सांगते, पुन्हा होईल का ते सांगत नाही. त्यासाठी प्रत्येक लढाई कशावरून झाली आणि ते कारण अजून जिवंत आहे का, हे बघावं लागतं.

तुमच्या शहराचंच घ्या. 1740 च्या अखेरीस प्रशियाच्या फ्रेडरिकने सिलेसियावर, म्हणजे तुमचं शहर ज्यात येतं त्या प्रांतावर, चाल केली, कारण ऑस्ट्रियाच्या गादीवर मारिया थेरेसा आली होती आणि बाईच्या हातून सुपीक प्रांत सहज काढून घेता येईल असं त्याला वाटलं. त्या प्रांतासाठी पुढची वीस-बावीस वर्षं रक्त सांडलं. 1757 ची लॉयथेनची लढाई तुमच्या घरापासून तासाभराच्या आत झाली. मग नेपोलियनच्या फौजेने 1807 च्या जानेवारीत शहर घेतलं आणि तटबंदी पाडायला लावली. जुन्या शहराभोवती खंदकाकाठी तुम्ही संध्याकाळी फिरता ना, ती बाग त्या पाडलेल्या तटाच्या जागेवर आहे. या दोन्ही युद्धांची कारणं त्या राजांबरोबरच गेली. सिलेसियाच्या वारसाहक्कावरून आज ऑस्ट्रिया कोणाशी भांडत नाही.

1945 चं प्रकरण वेगळं. शहर तेव्हा ब्रेसलाऊ होतं, जर्मनीचं. हिटलरने त्याला 'किल्ला' जाहीर केलं. नाझी पक्षाचा तिथला प्रमुख, गाउलायटर हांके, शहर रिकामं करायला तयारच नव्हता, आणि जानेवारीत जेव्हा हुकूम निघाला तेव्हा बायकामुलांना हाडं गोठवणाऱ्या थंडीत पायी बाहेर काढलं. वाटेत किती मेले त्याचा पक्का हिशेब नाही. आज जिथे प्लाट्स ग्रुनवाल्जकी हा चौक आहे, तिथे उभ्या इमारती पाडून विमानाची धावपट्टी केली. बर्लिन 2 मे रोजी पडलं, हे शहर 6 मे पर्यंत लढत राहिलं. हांके स्वतः विमानाने पळाला. नंतर जर्मन रहिवाशांना हाकललं आणि त्यांच्या घरांत पोलिश कुटुंबं आली, त्यांतली कितीतरी आज युक्रेनमध्ये असलेल्या ल्विवहून आणि आसपासच्या भागातून उखडलेली. तुमची इमारत युद्धाआधीची असेल तर तुमच्या स्वयंपाकघराने हे सगळं पाहिलंय.

पण जर्मनी आणि पोलंडमधल्या त्या हाडवैराचं पुढे काय झालं, ते तुमच्या चार पानांत कुठेच नव्हतं. 1965 मध्ये पोलिश बिशपांनी जर्मन बिशपांना पत्र लिहिलं, 'आम्ही क्षमा करतो आणि क्षमा मागतो' असं. ते लिहिण्यामागचा मुख्य माणूस बोलेस्वाफ कोमिनेक, तुमच्याच शहरातला धर्मगुरू, तिथे त्याचा पुतळाही आहे. तेव्हा पोलंडमधल्या सरकारने त्या बिशपांना गद्दार ठरवलं होतं. 1990 मध्ये एकत्र झालेल्या जर्मनीने करार करून सध्याची सीमा कायमची मान्य केली. 2007 च्या डिसेंबरात त्या सीमेवरची कायमची पासपोर्ट तपासणीही संपली. ज्या भांडणाने तुमचं शहर जमीनदोस्त केलं, ते भांडण माणसांनी बसून, वर्षानुवर्षं खपून मिटवलंय.

मिटलेलं नाही ते रशियाचं. तुमच्या अख्ख्या इतिहासातलं आज उपयोगाचं पान तेवढंच, आणि तेच तुम्ही तीस वर्षांच्या युद्धाखाली पुरून ठेवलंत. त्यावर मी हमी देणार नाही, मी सेनापती नाही. पोलंड 1999 पासून नाटोत आहे, युक्रेन नव्हता, हा फरक लहान नाही. पोलंड राष्ट्रीय उत्पन्नाच्या चार टक्क्यांहून जास्त पैसा संरक्षणावर घालतोय, म्हणजे त्यांनाही भीती आहे आणि ते हातावर हात धरून बसलेले नाहीत. युक्रेनची सीमा तुमच्यापासून चारशेहून जास्त किलोमीटरवर आहे. सक्तीची लष्करभरती तिथे दीड दशकापासून स्थगित आहे, आणि उद्या सुरू झालीच तर ती पोलिश नागरिकांसाठी असेल. तुमच्याकडे निळा भारतीय पासपोर्ट आहे.

आता तुमच्याच शहरातला एक माणूस सांगते, कारण त्याची गोष्ट माझ्या सल्ल्याच्या विरुद्ध जाते आणि ती तुमच्यापासून लपवणं बरोबर नाही. विली कोन. ब्रेसलाऊमधला ज्यू, शाळेत शिक्षक, आणि इतिहासाचा अभ्यासक. पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढला, शौर्यपदक मिळालं. 1937 मध्ये पत्नीसह पॅलेस्टाइनला जाऊन आला. त्याला तिथे राहायचं होतं, पण पत्नीचं मन रमेना, इतरही अडचणी होत्या, ते परतले. नोव्हेंबर 1941 मध्ये त्याला, पत्नीला आणि दोन लहान मुलींना ब्रेसलाऊहून लिथुआनियातल्या काउनासला नेऊन गोळ्या घातल्या. त्याच्या डायऱ्या उरल्या म्हणून आपल्याला हे कळतं.

'बघा, बायकोचं ऐकलं आणि काय झालं' असं म्हणून हा परिच्छेद तिला वाचून दाखवणार असाल तर तसं करू नका. कोनला मध्ययुगाचा इतिहास तोंडपाठ होता आणि तो त्याच्या कामी आला नाही. धोक्याचे इशारे जवळचे होते. 1933 मध्ये नोकरी काढून घेतली. 1935 मध्ये कायद्याने नागरिकत्वाचे हक्क गेले. 1938 मध्ये शहरातलं मोठं सिनेगॉग जाळलं. प्रत्येक इशारा थेट त्याच्यावर रोखलेला होता. आणि निघायचं म्हटलं तरी दारं बंद होती. 1938 च्या जुलैत फ्रान्समधल्या एव्हियांला 32 देश जमले, ज्यू निर्वासितांबद्दल हळहळले, आणि एखाददुसरा सोडला तर कोणी दार उघडलं नाही.

म्हणून मला नेपोलियनपेक्षा ट्राममधला तो माणूस महत्त्वाचा वाटतो. 'ते सोडा' म्हणालात. का सोडायचं? तो काय म्हणाला? मुलगी बरोबर होती का? नऊ वर्षांत तिला पोलिश सफाईने येत असणार, म्हणजे तुमच्या कानावरून गेलेले शब्दही तिला कळले असतील. डब्यातलं कोणी मध्ये पडलं का, की सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून बसले? पोलिसांत गेलात का? असं एकदाच झालं की हल्ली वारंवार होतं? दार लावून घेणारी मुलगी कशावर रागावली आहे हे तुम्ही तिला विचारलंय का, की तिच्यासमोर फक्त रशियाच्या रणगाड्यांचा नकाशा उघडलात?

माझा अंदाज चुकीचा असू शकतो, तरी सांगते. परदेशात आपल्याच बायकामुलीसमोर कोणी अपमान केला आणि आपल्याला उलट बोलता आलं नाही, ही गोष्ट सांगायला लाज वाटते. दोन महायुद्धांबद्दल बोलायला वाटत नाही, उलट जरा अभ्यासू दिसता येतं.

घर सोडणं म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या माणसाला मी वेगळं सांगायला नको. वळिवड्याची छावणी तुम्ही ऐकून असाल. 1940-41 मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून सैबेरियात हाकललेली माणसं इराणमार्गे तिथे पोचली, बहुतेक बायका आणि मुलं, जवळपास पाच हजार. 1943 ते 1948 तिथे शाळा होत्या, चर्च होतं. युद्ध संपलं तेव्हा त्यांतल्या अनेकांची गावं सोव्हिएत हद्दीत गेलेली होती, परतायचं कुठे? ते गेल्यावर त्याच बराकींत फाळणीने उखडलेले सिंधी आले, आणि लग्नाचा बस्ता बांधायला आपण ज्या गांधीनगरला जातो ते उभं राहिलं. यांतल्या कोणालाही कधी निघायचं आणि कुठे जायचं ते ठरवता आलं नव्हतं. तुम्हाला दोन्ही ठरवता येतं. 2022 मध्ये युक्रेनमधून वीस हजारांहून जास्त भारतीय आपल्या पासपोर्टवर परतले, त्यांतले काही पोलंडच्याच वाटेने. तुम्ही तर त्या वाटेवरच राहता.

म्हणून घाई करू नका, आणि मुख्य म्हणजे इतिहासाच्या नावाखाली जाऊ नका. पुण्याला यायचं असेल तर आईसाठी या, नोकरीसाठी या, नुसता कंटाळा आला म्हणूनही या. या कारणांवर बायकोला वाद घालता येतो, होय-नाही म्हणता येतं. हजार वर्षांच्या युद्धांवर ती बिचारी काय बोलणार? तिने स्वतःच्या हिमतीवर तिथे नोकरी मिळवली आहे आणि पुण्यात तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. तुमच्या पत्रात या गोष्टीला अर्धी ओळही मिळालेली नाही.

बॅग दाराशी नको, कपाटात ठेवा. रिकामी करा असं मी म्हणत नाही, कागद एका जागी असणं चांगलंच. तिघांच्या पासपोर्टच्या तारखा बघा. युरोपियन युनियनचा दीर्घकालीन रहिवासी दर्जा घेतला नसेल तर पाच वर्षांची अट पुरी होते का ते वकिलाला विचारा. मात्र सलग बारा महिने युनियनबाहेर राहिलं तर तो जातो, तेव्हा 'वर्षभर पुण्यात राहून बघू' म्हणण्याआधी हे ध्यानात असू द्या. तिथली प्राथमिक शाळा आठवीला संपते, मोठी परीक्षाही तेव्हाच असते. हलायचंच ठरलं तर आमच्याकडे नववी-दहावीच्या तोंडावर मुलीला आणून टाकू नका, तिचे हाल होतील. म्हणजे निर्णयाला साधारण दीड-दोन वर्षं आहेत, आणि त्यात मुलीचंही मत धरा. रात्री दहानंतर युद्धाचे व्हिडिओ बंद. तरी महिनाभरात झोप सुधारली नाही तर डॉक्टरकडे जा. ड्रोनच्या रात्रीपासून झोप नाही हे दुखणं आहे, त्यावर इलाज असतो.

आणि या रविवारी मुलगी नसताना बायकोजवळ बसून ट्रामचा विषय काढा. तिला त्या दिवशी काय वाटलं, नंतर एकटीने ट्रामने जाताना काय वाटतं, एवढंच विचारा आणि मध्ये बोलू नका. ती म्हणाली की मला काही वाटलं नाही, तर माझं वरचं सगळं कायम. पण ती म्हणाली की मी तेव्हापासून मुलीशी बसमध्ये मराठीत बोलत नाही, तर मला पुन्हा लिहा. मग आपण पुण्याबद्दल वेगळं बोलू.