‘बार घाईत गेला’ म्हणजे काय?

प्रश्न : माझे आजोबा संस्थानकाळात दरबारच्या शिकारीबरोबर दाजीपूरच्या रानात जात असत. त्यांची वही नुकतीच आमच्या कोल्हापूरच्या घरी सापडली. तीत फसलेल्या शिकारींचेच तपशील अधिक असून गव्यांच्या नोंदींपुढे ‘उंच बसला’, ‘बार घाईत गेला’ असे शेरे वारंवार आढळतात. त्यांचा अर्थ काय, आणि आता अशा वहीचा काही उपयोग आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या आजोबांनी चुका लिहून ठेवल्या, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो, बहुतेकांनी फक्त शिंगे जपली.

‘उंच बसला’ हा शेरा गव्याच्या बांध्यामुळे आला आहे. नराच्या खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत मोठा उंचवटा असतो आणि हजार किलोच्या घरातले ते काळे अंग समोर आले की नवखा मनुष्य त्याच्या मधोमध नेम धरतो. हृदय मात्र पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या भागात असते. गोळी हृदयाच्या वरून अंगात बसते आणि गवा जखमी होऊन पळतो.

‘बार घाईत गेला’ म्हणजे नेम नीट धरण्याआधीच गोळी सुटली. घाईच्या चुका दोन, एक बाराआधीची आणि एक बारानंतरची. दुसरी अधिक घातक. जखमी जनावराला हुसकावले नाही तर ते जवळच बसते; लगेच मागे लागले तर उरलेले बळ एकवटून ते दूर जाते, किंवा कारवीच्या झुडपांत दबा धरून माग काढणाऱ्याच्या अंगावर येते. म्हणून जाणते शिकारी निदान अर्धा तास थांबत आणि मग रक्त पाहत. फेसाळ, फिकट लाल रक्त फुप्फुसाचे, काळपट रक्त यकृताचे, आणि त्यात हिरवट घाण मिसळलेली असली तर गोळी पोटात लागलेली, म्हणजे आणखी कित्येक तास थांबणे भाग.

१९६९ साली भुदरगडच्या रानात, परवान्यावर, मी हीच चूक केली. तिन्हीसांजेला सांबर पडलेले दिसताच मी रिकामी बंदूक घेऊन मचाणावरून उतरलो आणि धावत सुटलो. ते उठले आणि गेले. कारवीच्या पानांवर कमरेच्या उंचीला रक्त लागलेले मला अजून दिसते. तिसऱ्या दिवशी गिधाडांमुळे ते सापडले. त्या जिवाचे हाल माझ्यामुळे झाले, ही टोचणी आजही गेलेली नाही. माझ्या मामांनी त्याच रात्री कंदिलाच्या उजेडात मला सगळे लिहायला लावले. अंतर मी ६० पावले लिहिले, सकाळी मोजले तेव्हा ते ९४ भरले.

दाजीपूरचे रान १९५८ मध्ये अभयारण्य झाले, १९७२च्या कायद्याने शिकारीला बंदी आली, आणि ते योग्यच झाले. (वहीबरोबर शिंगे सापडली असतील, तर त्यांच्या मालकीच्या दाखल्याची चौकशी वनखात्याकडे आधी करावी.) घाई मात्र संपलेली नाही. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्यात कोथरूडला आलेल्या गव्यामागे जमाव लागला आणि धावून धावून दमलेला तो जीव त्याच दिवशी गेला. त्याच महिन्यात बावधनजवळ दुसरा गवा दिसला, तेव्हा गर्दी आवरून त्याला रानाची वाट मोकळी ठेवण्यात आली आणि तो परत गेला.

आपल्याकडे गवे उसात उतरतात, तेव्हाही मोबाइल घेऊन लोक असेच मागे धावतात. राधानगरीकडच्या गावांत आपले कोणी असेल, तर आजोबांची ‘घाई’ची पाने तेथे अवश्य वाचून दाखवावीत.