वजन कमी आहे म्हणून पहिलीच कॅनोपी लहान घेऊ नका

स्कायडायव्हिंगची पहिली कॅनोपी, म्हणजे पॅराशूटचं छत, घेताय तर 150 चौरस फुटांची घेऊ नका, 170 ची घ्या. चांगल्या अवस्थेतली 190 मिळाली तर आणखी उत्तम. तुम्ही लिहिलंय की ए लायसन्स (स्कायडायव्हिंगचा पहिला परवाना) नुकतंच झालंय, वजन 54 किलो आहे, आणि ड्रॉप झोनवरचे (जिथे आपण उड्या मारतो त्या मैदानावरचे) जुने लोक म्हणतात, 'तुझ्या वजनाला 150 सुद्धा मोठीच.' माझंही वजन तुमच्याइतकंच आहे आणि हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय, म्हणून लिहायला बसले.

त्यांचा हिशेब कागदावर बरोबर आहे. 54 किलो तुमचे, साधारण 11 किलो गिअरचे, म्हणजे 65 किलो, म्हणजे 143 पौंड. भागिले 150 चौरस फूट: विंग लोडिंग (कॅनोपीच्या दर चौरस फुटावर येणारं वजन, पौंडांत) 0.95. एकच्या आत. पण 78 किलोचा माणूस 12 किलो गिअर चढवून 210 वर उडतो तेव्हा त्याचाही आकडा 0.95 च्या आसपासच येतो, आणि या दोन कॅनोपी अजिबात सारख्या वागत नाहीत. कॅनोपी लहान झाली की तिच्या लाइन्सही (आपल्याला तिच्याशी जोडणाऱ्या दोऱ्या) आखूड होतात. टॉगल (वळायच्या दोरीची मूठ) थोडंसं ओढलं तरी ती झटकन वळते, वळताना लवकर खाली झेपावते, आणि चूक सुधारायला वेळ कमी उरतो. म्हणून हलक्या माणसांनी 'एकपर्यंत चालतं' हा नियम स्वतःला जसाच्या तसा लावू नये. शिवाय फॉर्मेशनमध्ये (हवेत एकमेकांना धरून आकृती करताना) जड लोकांच्या बरोबरीने खाली यायला तुम्हाला उद्या कुणीतरी शिशाचा पट्टा बांधायला सांगणारच. त्याचे 4 किलो धरले की 150 वरचा तुमचा आकडा एकच्या पुढे जातो. हा पट्टा हिशेबात धरलेला मी फार कमी वेळा पाहिलाय.

मी पहिली कॅनोपी 190 घेतली. आमच्या ड्रॉप झोनवरचे एक जुने जंपर स्वतःची 150 विकत होते. 'अगं, चार महिन्यांत कंटाळशील, मग पुन्हा खर्च करशील,' असं ते चारचौघांत म्हणाले. मी ऐकलं नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

पुढे एकदा विमानातून आमचा गट सगळ्यात शेवटी बाहेर पडला. विमान वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने पुष्कळ पुढे गेलेलं होतं. कॅनोपी उघडून मागे पाहिलं तर मैदान फारच लांब. ते जुने जंपरही त्याच गटात होते. मी मागचे रायझर (खांद्यावरून लाइन्सकडे जाणारे पट्टे) हलके ओढून जितका वेळ हवेत राहता येईल तितकी राहिले, कारण वारा पाठीशी होता आणि तोच मला मैदानाकडे नेत होता. तरीही पोचणार नाही हे वेळेत कळलं, म्हणून मैदानाचा नाद सोडून झाडांपलीकडचं एक मोकळं शेत निवडलं. वाऱ्याकडे तोंड करून शेवटच्या टप्प्यात आले, आणि तेव्हा समोर आडवी गेलेली विजेची तार दिसली. खांब झाडांत लपलेले होते.

त्या उंचीवर एक टॉगल खाली खेचून वळलं असतं तर कॅनोपीने सरळ जमिनीत नेलं असतं. कॅनोपी पूर्ण ठीक उघडलेली असताना होणारे कितीतरी अपघात नेमके असेच होतात. मी दोन्ही टॉगल निम्म्यापर्यंत आणले आणि ज्या बाजूला वळायचं नव्हतं त्या बाजूचं वर सोडलं. उंची फारशी न गमावता कॅनोपी सपाट वळली. वारा आडवा होता, तसंच अर्ध्या ब्रेकवर (टॉगल निम्मे ओढलेले ठेवून) उतरले, पाय जुळवून लोळण घेतली. कोपराला माती लागली, बाकी काही नाही. हे सपाट वळण मी वरच्या उंचीवर पुन्हा पुन्हा गिरवलेलं होतं. 190 ने ते करायला मला अवधी दिला.

आणि तरीही संध्याकाळी ऐकायला काय मिळालं? '150 असती तर मैदानावर परत आली असतीस.' हे तेव्हा माझ्या मनाला लागलं, म्हणून इथे नीट सांगते. वारा समोरून असेल तर लहान, वेगवान कॅनोपी जास्त पुढे जाते, हे खरं. पण आम्ही वाऱ्याच्या वरच्या अंगाला होतो आणि परतीला वारा पाठीशी होता. अशा वेळी जी सावकाश खाली येते ती जास्त लांब वाहत जाते. ते स्वतः त्या दिवशी त्यांच्या लहान कॅनोपीवर माझ्या आधी आणि मैदानापासून माझ्याहून लांब उतरले होते! स्पॉट (विमानातून बाहेर पडायची जागा) चुकला तर त्याचं उत्तर दारातून खाली बघूनच बाहेर पडणं हे आहे. त्यासाठी नवख्या मुलीला लहान कॅनोपी विकायची गरज नाही.

आता तुमचे बाकीचे प्रश्न. सात सेल (कॅनोपीतले हवा भरणारे कप्पे) की नऊ सेल यावर फार डोकं खपवू नका. नऊ सेलची लांब तरंगते आणि फ्लेअर (उतरताना टॉगल ओढून वेग मारणं) जास्त वेळ टिकतो, सात सेलची थोडी उभी उतरते. पायलट, सेबर 2, सफायर, किंवा सात सेलमध्ये स्पेक्टर, यांपैकी कुठलंही मॉडेल योग्य मापात चालेल. पूर्ण लंबगोल आकाराची मात्र नको, लाइन्सना पीळ पडला की ती गरागरा फिरू लागते. जुनी जरूर घ्या, पण झेडपी (हवा न झिरपणाऱ्या) कापडाची. एफ-111 कापडातून वापरानुसार हवा झिरपू लागते आणि फ्लेअर मरतो. स्पेक्ट्रा धाग्याच्या लाइन्स स्लायडरच्या (कॅनोपी उघडताना लाइन्सवरून खाली घसरणाऱ्या कापडाच्या) घर्षणाने तापून आखडतात. ब्रेक लाइन्स आखडल्या की टॉगल पूर्ण वर सोडूनही मागचा काठ खाली ओढलेलाच राहतो. रिगरकडून (पॅराशूट तपासणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडून) मोजून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

लहान मापावर कधी जायचं? सपाट वळण, आडव्या वाऱ्यात उतरणं, मागच्या रायझरवर फ्लेअर आणि दहा मीटरच्या वर्तुळात उतरणं हे सगळं हुकमी जमलं की. तेही एकेक माप करत.

मोठ्या कॅनोपीची एक अडचण सांगायची राहिली. हलकं माणूस आणि मोठी कॅनोपी असेल तर जोराच्या वाऱ्यात ती जागीच लटकते किंवा मागे सरकते, आणि खळबळीच्या हवेत जास्त हेलकावते. बाकीचे उडत असले तरी अशा दिवशी तुम्हाला खाली बसावं लागेल. ते मान्य नसेल तर 190 चा विचार सोडा, 170 च घ्या. तुमचं उतरणं मी पाहिलेलं नाही, प्रशिक्षकाने पाहिलंय, तेव्हा 170 लाही तो नको म्हणाला तर त्याचंच ऐका.

रिझर्व्हबद्दल, म्हणजे राखीव पॅराशूटबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण कंटेनर (पाठीवरची पॅराशूटची पिशवी) घेताना तोही ठरतो. 'एकदाच तर वापरायचा' म्हणून तिथेही लहान माप गळ्यात मारतात. तुम्ही बेशुद्ध असाल आणि एएडीने (आपोआप रिझर्व्ह उघडणाऱ्या यंत्राने) तो उघडला, तर फ्लेअर करायला कुणी नसेल. मेनसाठी (मुख्य कॅनोपीसाठी) 170 आणि रिझर्व्हसाठीही त्याच्याच जवळचं माप मावेल असा कंटेनर शोधा.